गायीचा फुगा आणि उजवीकडची भिंत

मराठी भाषा दिनाला, म्हणजे २७ फेब्रुवारीला, ऑफिसात काय चाललेलं असतं ते सगळ्यांना माहितीये. लिफ्टपाशी कुसुमाग्रजांचा फोटो, कॅन्टीनमध्ये पुरणपोळी, एचआरचा एक मराठी मेल ज्यात ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागलेली. आम्ही सर्व्हर सांभाळणारी माणसं मागच्या बाजूला कोंडलेली, तिकडे यातलं काही पोचत नाही, पुरणपोळीसुद्धा संपल्यावरच कळते, मग मी आपलं आमच्यापुरतं साजरं केलं. टेस्ट सर्व्हरवर लॉगिन केलं की टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, अक्षरचिन्हांनी काढलेली एक गाय यायची आणि मराठीत बोलायची. ओळी माझ्याच होत्या, ज्ञानेश्वरांपासून आजवरच्या सगळ्यांना नमस्कार, आणि शेवटी ‘बॅकअप घेतल्याशिवाय कुठेही हात लावू नये’. सकाळी सगळ्यात आधी लॉगिन केलं ते आमच्या टीममधल्या हुबळीच्या पोराने. पुण्यात राहून राहून मराठी झकास बोलायला लागलाय. खुर्ची मागे ढकलून तो म्हणाला, "मॅडम, गायीचा फुगा फाटलाय."

जाऊन बघितलं तर खरंच. ती ज्यात बोलते तो संवादाचा फुगा, त्याची डावी बाजू एकदम सरळ, वरची रेघ ठीक, खालची ठीक, आणि उजवी भिंत मात्र पडक्या कुंपणासारखी, एक खांब आत, एक बाहेर, एक कुठेतरी भलतीकडेच. हसलो, चहाला गेलो, विषय संपला.

पण फाटला तो फक्त उजवीकडेच का, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

ज्यांनी लिनक्सच्या काळ्या खिडकीत थोडाफार वेळ घालवलाय त्यांना ही गाय नक्की भेटलेली असणार. काऊसे. टोनी मन्रो नावाच्या माणसाने १९९९ मध्ये पर्ल भाषेत लिहिलेला एवढासा प्रोग्राम, काम एकच, तुम्ही जे द्याल ते गायीच्या तोंडी घालायचं. उपयोग काही नाही आणि तरीही ही गाय मेली नाही, उलट सगळीकडे घुसली. अँसिबल म्हणजे सर्व्हरवरची कामं आपोआप करून देणारा प्रोग्राम, त्याला तर मशीनवर काऊसे सापडलं की न विचारता तो आपल्या टास्कची नावं गायीकडून वदवून घेतो, ते बंद करायला वेगळं सेटिंग आहे, आणि नवीन माणसाला पहिल्यांदा हे दिसलं की त्याला वाटतं सर्व्हर हॅक झाला. डेबियन नावाच्या लिनक्सवर प्रोग्राम बसवून देणाऱ्या आप्ट-गेटला ‘मू’ असं सांगितलं तरी एक गाय येते आणि विचारते की आज हंबरलात का. हे असले चाळे रात्री दीडला डिस्क भरल्याचा अलार्म वाजल्यावर किती आधार देतात ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही.

गायीचं चित्र ठरलेलं आहे. ते एका छोट्या फाइलमध्ये असतं, त्यात डोळ्यांसाठी दोन जागा मोकळ्या, जिभेसाठी जागा मोकळी, आणि फुग्यापासून तोंडापर्यंत उतरणाऱ्या तिरक्या शेपटासाठी दोन ओळींवर एकेक खूण. डोळे बदलता येतात, दमलेली गाय हवी तर दोन आडव्या रेघा, लोभी हवी तर दोन डॉलर, मेलेली हवी तर दोन फुल्या आणि बाहेर आलेली जीभ. मी देवनागरी शून्यं टाकून बघितली, छान भोळी दिसते. फुग्याचे नियमही साधेच, बोलणं एका ओळीचं असेल तर दोन्हीकडे टोकदार कंस, जास्त ओळींचं असेल तर कोपऱ्यात तिरक्या रेघा आणि मध्ये उभ्या, वर अंडरस्कोर, खाली डॅश. गाय बोलण्याऐवजी मनात विचार करत असेल तर सगळीकडे गोल कंस आणि शेपटाच्या जागी बुडबुडे. झालं. एवढ्यावर सगळा कारभार.

यात एक गंमत आहे जी वर्षानुवर्षं डोळ्यासमोर असून माझ्या लक्षात आली नव्हती. फुगा लहानमोठा होतो, गाय जागची हलत नाही. टर्मिनल म्हणजे एकेका अक्षराच्या खान्यांची जाळीच, त्यात शेपटाची पहिली रेघ डावीकडून आठ खाने सोडून नवव्यात, कायम. त्यामुळे गायीला नुसतं ‘हं’ म्हणायला लावलं की फुगा डाव्या कोपऱ्यात इवलासा, चारपाच खान्यांतच संपलेला, आणि शेपूट त्याच्यापासून लांब, हवेतच सुरू होतं. कुणाचा कुणाशी संबंध नाही. तरी बघणाऱ्याला एक क्षणही शंका येत नाही की हे ‘हं’ कुणाचं. आपण सवयीने ते जोडून घेतो. म्हणजे शेपटाच्या बाबतीत डोळा बिनदिक्कत सूट देतो, आणि भिंत एक खाना सरकली तर त्याच डोळ्याला खपत नाही. असं का, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही, बहुतेक चौकट दिसली की ती बंद असावी अशी आपली अपेक्षा असते आणि बोट मात्र नुसतं दाखवलं तरी पुरतं.

आता उजवी भिंत. डावी भिंत फुकट आहे, ओळ सुरू झाली की पहिलं चिन्ह तिचं, त्यासाठी काही कळावं लागत नाही. उजवीसाठी मात्र सगळ्यात लांब ओळ कुठली, ती किती लांब, हे आधी माहीत पाहिजे, मग बाकीच्या ओळींच्या मागे तेवढ्या स्पेस भरायच्या आणि मग भिंत. त्यामुळे गाय ऐकताना काही बोलत नाही. तिला एखादा चालू असलेला प्रोग्राम जोडून द्या, ती गप्प उभी राहते, पलीकडचं सगळं बोलून संपेपर्यंत. शेवटचा शब्द कानावर पडल्याशिवाय ती फुग्याची पहिली रेघसुद्धा मारू शकत नाही.

हे मोजून मग लिहिणं मी आधी पाहिलेलं होतं, कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी. माझी मावशी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या मागे, पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, खिडकीच्या कडेने ओळीने टाइपरायटर, काही इंग्रजी, काही मराठी, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे एका स्टुलावर बसून बघत असायचे. रिबनच्या शाईचा वास, मशीन ऑइलचा वास, खालच्या वडापावच्या गाडीवरचा तेलाचा वास, सगळं एकमेकांत. एकाच वेळी सगळी मशीनं चालायला लागली की कुणाशी बोलायचं तर कानाशी जावं लागायचं. परीक्षा जवळ आली, मराठी ३०, मराठी ४०, की पोरं-पोरी घाबरून यायची, स्पीडपेक्षा त्यांना स्टेटमेंटची भीती जास्त, म्हणजे तो रकाने असलेला तक्ता आणि त्यावरचं मथळ्याचं वाक्य जे कागदाच्या बरोब्बर मध्ये यायला पाहिजे.

मध्ये आणायची रीत मावशीने मला शिकवली होती, मला टायपिंग येत नसताना. कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, कागदाच्या मध्यावर आणायचं. मथळा मनात म्हणायचा आणि दर दोन स्ट्रोकला एक बॅकस्पेस मारायचा, मथळा संपला की जिथे आलोय तिथून टाइप करायला लागायचं. इंग्रजीत सोपंय, जेवढी अक्षरं तेवढे स्ट्रोक. मराठीत मात्र खरी ग्यानबाची मेख. वरच्या मात्रेची, अनुस्वाराची, खालच्या उकाराची कळ दाबली तर ठसा उमटतो पण कॅरेज पुढे सरकत नाही. "सरकत नाही ना, मग मोजायचं नाही," मावशी म्हणायची, "काना सरकतो, वेलांटी सरकते, ते मोजायचं." काही अक्षरं तर अर्धी मारून पुढे काना जोडूनच पुरी व्हायची, त्यांचे दोन धरायचे. शिकणाऱ्या पोरी ओठ हलवत, बोटं मोडत मोजायच्या आणि मावशी मथळा बघूनच सांगायची, चौदा.

टाइपरायटरवर उजवी कडा कधी सरळ नसायचीच. मार्जिन जवळ आलं की घंटी वाजायची, टिंग, मग शब्द संपवायचा की तोडायचा हे तिथल्या तिथे ठरवायचं आणि कॅरेज परत ओढायचं. सरकारी पत्रं, कोर्टाचे कागद, भाडेकरार, सगळ्यांची उजवी बाजू दातेरी. कुणी तक्रार केल्याचं ऐकलं नाही. त्या यंत्रावर चित्रंही निघायची बरं का, मुंबईचे चंद्रकांत भिडे यांनी युनियन बँकेत नोकरी करता करता टाइपरायटरच्या कळांनी मोठमोठ्या माणसांची पोर्ट्रेट्स काढली, ती पाहिली की कळतं की जाळी किती जाड आहे याला फारसा अर्थ नसतो, हात कुणाचा आहे याला असतो. असो, मी कुठच्या कुठे गेले.

तर मूळ मुद्दा, मशीनला मराठी शब्दाची लांबी कशी कळते.

‘ज्ञानेश्वर’ घ्या. आपल्याला कुणीही विचारलं तर आपण म्हणू चार अक्षरं, ज्ञा, ने, श्व, र. शाळेत मात्रा-गण मोजलेला माणूस तर छातीवर हात ठेवून सांगेल चार. जगभरच्या लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडला विचारलं तर दहा, कारण त्याच्या हिशोबात ज वेगळा, हलन्त वेगळा, ञ वेगळा, काना वेगळा, मात्रा वेगळी, असं करत करत दहा खुणा. त्या साठवायच्या म्हटलं तर यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस. आणि टर्मिनलमध्ये किती खाने व्यापले असं विचारलं तर त्याचं उत्तर एक छोटं फंक्शन देतं, त्याचं नाव डब्ल्यूसीविड्थ, केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी त्याचं एक मोफत रूप लिहून ठेवलं आणि मग पुष्कळांनी ते उचललं. चिनी-जपानी अक्षराला दोन खाने, साध्या अक्षराला एक, आणि जे चिन्ह आधीच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसतं त्याला शून्य. या हिशोबाने ज्ञानेश्वर सात.

चार, सात, दहा, तीस. एकाच शब्दाची चार मापं, आणि चारही आपापल्या जागी बरोबर.

ते कोष्टक पहिल्यांदा वाचताना मी एकटीच हसले होते, कारण ती मावशीची रीत होती. मात्रेला शून्य, अनुस्वाराला शून्य, उकाराला शून्य, हलन्ताला शून्य, कान्याला एक, वेलांटीला एक. सरकत नाही ते मोजायचं नाही. केंब्रिजच्या माणसाने आमच्या तालुक्यातला टाइपरायटर बघितला असण्याची काही शक्यता नाही, त्याने फक्त युनिकोडमध्ये कुठलं चिन्ह जागा घेतं आणि कुठलं घेत नाही हे लिहून ठेवलेलं पाळलं, पण यंत्र चौकोनी खान्यांचं असलं की तुम्ही कुठूनही निघालात तरी त्याच पारावर येऊन बसता.

आता गायीकडे परत. तिची जी जुनी मूळ आवृत्ती आहे ती बाइट मोजते. १९९९ साली इंग्रजीपुरतं ते चालत होतं. तिला मराठी दिलं की काय होतं ते मी नंतर एका जुन्या मशीनवर मुद्दाम करून बघितलं, आणि ते नुसतं वाकडं नाहीये, उलटं आहे. फुग्याची वरची रेघ जवळजवळ तिप्पट लांब, पार उजवीकडे धावत गेलेली. ज्या ओळीत जास्त अक्षरं ती तिच्या लेखी भलतीच लांब, म्हणून तिच्या मागे स्पेस कमी, म्हणून तिची भिंत जवळ. ज्या ओळीत एखादाच शब्द, तिच्या मागे स्पेसच स्पेस आणि भिंत लांब पलीकडे. जास्त बोलाल तेवढी भिंत अंगावर येणार. शिवाय ओळ मोडायचं तिचं माप डीफॉल्टला चाळीस, प्रत्यक्षात ओळीत एकोणचाळीस मावतात, एकोणचाळीस बाइट म्हणजे मराठीच्या तेरा खुणा. ‘महानगरपालिकेच्या’ हा शब्द सोळा खुणांचा. तो फुग्यात मावतच नाही, मग ती त्याला तेराव्या खुणेवर कापते, वरच्या ओळीत ‘महानगरपालिकेच’ आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी एक पोरका हलन्त, त्याच्यामागून ‘या’. आपल्याला आधार द्यायला अक्षर नाही म्हणून फॉन्ट त्या हलन्ताखाली ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. एवढं बघून मला त्या गायीची दयाच आली. तिला काय माहीत महानगरपालिका म्हणजे काय प्रकरण असतं, आणि ते एका ओळीत कधी मावत नाही.

पुढच्या काळात लोकांनी यात सुधारणा केल्या, कुणी बाइटऐवजी खुणा मोजायला लावल्या, डेबियनवाल्यांनी रुंदी मोजणारी लायब्ररी जोडली. खुणा मोजल्या की जोडाक्षरं आणि मात्रा जास्त असलेल्या ओळीची भिंत आत सरकते, कारण डोक्यावरच्या मात्रेलाही गाय एक खाना धरते. आमच्या सर्व्हरवर नेमकं हेच झालेलं. ‘ज्ञानेश्वर’ असलेली ओळ सगळ्यात आत, ‘हात लावू नये’ त्या मानाने बाहेर. आणि रुंदी बरोबर मोजली तरी सुटका नाही, कारण चित्र शेवटी काढणार टर्मिनल. एक टर्मिनल सात खाने म्हणजे सात खाने पाळतं, मग ज्ञ एका खान्यात मावून शेजारी मोकळी जागा उरते आणि शब्द दात पडल्यागत दिसतो. दुसरं टर्मिनल अक्षरं सुरेख जोडून दाखवतं आणि पुढचं सगळं डावीकडे ओढून घेतं. तिसरं मात्रा सुट्या करून दाखवतं. गाय बिचारी अंधारात बोलते, आपलं बोलणं पलीकडे कसं दिसतंय हे तिला दिसत नाही.

पुण्यात राहून असं म्हणायला जरा लाज वाटते, कारण हा प्रश्न याच गावात कधीचा हाताळला गेलाय. कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणायचं जिस्ट नावाचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं, ते पुढे सी-डॅक या सरकारी संस्थेत आलं, सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालं, आणि मग जिस्टचं कार्ड पीसीच्या आत बसवलं की विंडोजच्या आधीच्या डॉसमधले साधे अक्षरी प्रोग्राम देवनागरी दाखवायला लागायचे. भारतीय लिप्यांसाठीच्या तेव्हाच्या इस्की कोडमध्ये एका खुणेला एकच बाइट, ज्ञानेश्वर दहा बाइटांत. माझ्या पहिल्या नोकरीत एक सीनियर होते, त्यांनी ती कार्डं बसवलेली होती, ते म्हणायचे की तेव्हा मराठी कॉम्प्युटरमध्ये स्क्रू ड्रायव्हरने घालावी लागायची.

फुग्याचा प्रश्न कॉमिक्सवाल्यांनी कसा सोडवला हे मी मधल्या काळात वाचत बसले होते, कामं सोडून. हाताने अक्षरं काढायचे त्या काळात अमेरिकन कॉमिक्समध्ये अक्षरं काढणारा वेगळा माणूस असायचा, आणि तो आधी संवाद लिहायचा, मग त्याच्याभोवती फुग्याची रेघ फिरवायचा. बोलणं आधी, फुगा नंतर. शेपटाचं टोक तोंडाच्या दिशेने, आणि आधी बोलणाऱ्याचा फुगा वर-डावीकडे, म्हणजे वाचणारा गोंधळत नाही. भाषांतरित कॉमिक्समध्ये मात्र गाडी उलटी फिरते, फुगा इंग्रजीच्या मापाने आधीच काढलेला आणि त्यात आता मराठी कोंबायचं. इंग्रजी मोठ्या लिपीतली सगळी अक्षरं एका उंचीची, आपल्याला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार, दोन ओळींत अंतर जास्त लागतं. लहानपणी वाचलेल्या तसल्या पुस्तकांत राक्षसाच्या फुग्यात अक्षरं मुंगीएवढी असायची, गर्जना करतोय आणि अक्षरं मुंगीएवढी, मला तेव्हा वाटायचं राक्षसाचा घसा बसलाय.

टर्मिनलमध्येही फुगा कुठे बसवायचा याचा विचार केलेले लोक आहेत. पोनीसे म्हणून काऊसेचंच एक रंगीत भावंड आहे, गायीच्या जागी घोडे, त्यात चित्राच्या फाइलमध्येच खूण करून ठेवतात की फुगा इथे येणार, कमीत कमी एवढा रुंद, आणि शेपूट इथून असं जाणार. म्हणजे फुगा डोक्यावरच असला पाहिजे असं नाही, घोड्याच्या शेजारीही बसतो. दिसायला फार छान, पण माझं मत विचाराल तर मला गायीचा गावठीपणा बरा वाटतो. फुगा वर, गाय खाली, बोलणं वाढलं की फुगा उंच होत जातो आणि गाय आपली तळाशी पाय रोवून उभी. तिच्या बोलण्यात गायीचंच चित्र कोंबलं तरी तिला चालतं, ओळ न मोडण्याचा पर्याय देऊन एका गायीचं आउटपुट दुसरीला दिलं की गाय गायीचं बोलणं सांगते, आणि तिचं तिसरी. आमच्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर वेगळं काय चालतं.

मग भिंतीचं काय करायचं. सोपा उपाय हुबळीच्या पोराने लगेच सांगितला, "मॅडम, उजवी भिंत काढूनच टाका ना." आणि खरं सांगते, आजकाल बरेच नवे प्रोग्राम हेच करतात, डावीकडे एक उभी रेघ आणि मजकूर, उजवीकडे मोकळं. तर्काने त्याचं बरोबर आहे. मी करूनही बघितलं. तीन बाजूंचा फुगा वाईट दिसत नाही, पण तो फुगा दिसत नाही, सूचना फलक दिसतो. चारी बाजूंनी बंद झाला की त्यातलं वाक्य गायीचं होतं, नाहीतर ते माझंच राहतं, मी लिहिलेलं आणि शेजारी योगायोगाने एक गाय उभी. शिवाय मनात एक खोचक विचार येतोच की इंग्रजीत बोलली तर चार भिंती आणि मराठीत बोलली तर तीन, हे का म्हणून. भाषा दिनाला तर अजिबात नाही.

दुसरा उपाय मी शोधला तो असा की स्पेस भरायच्याच नाहीत. टर्मिनलला थेट सांगता येतं की कर्सर अमुक कॉलमवर ने. ओळ लिहायची, मग पंचेचाळिसाव्या कॉलमवर उडी, तिथे भिंत. ओळ कितीही वाकडीतिकडी मोजली गेली तरी भिंत जाळीला धरून, एकाखाली एक, ओळंब्यात. आत मोकळी जागा कमीजास्त राहते, राहू दे. पहिल्यांदा ती सरळ उभी राहिलेली पाहिली तेव्हा मी मोठ्याने ‘आहे’ म्हणाले आणि पलीकडच्या टेबलवरच्याने हेडफोन काढून विचारलं काय आहे. पण याला एक खोट आहे. ते चित्र फाइलमध्ये साठवलं, मेलने पाठवलं, तर त्या उड्यांच्या जागी नुसती चिन्हांची कचकच उरते. ती गाय फक्त तिथेच, त्या खिडकीतच नीट दिसणार. आणि ओळच पंचेचाळिसाच्या पुढे गेली तर भिंत अक्षरावर उभी राहते, म्हणजे रुंदी पुन्हा आधी ठरवावीच लागते.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिला टर्मिनल म्हणजे एसटीचं नाहीतर विमानाचं, तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा ‘थांब’ म्हणून उठली आणि परत आली. आता टायपिंगची परीक्षाही कॉम्प्युटरवर होते, तिची मशीनं कधीच भंगारात गेली. ती म्हणाली, "स्टेटमेंटच्या उभ्या रेघा आम्ही कुठे टाइप करत होतो गं? आधी सगळं टाइप करायचं, कागद काढायचा, मग स्केल घेऊन पेनने मारायच्या." मी म्हटलं, "आणि एखादा आकडा रेघेत आला तर?" "येतोच कसा? लिहून झालेलं समोर दिसतंय की."

तेच आता करून बसलेय. व्हीटी१०० या जुन्या टर्मिनल यंत्राच्या काळापासून टर्मिनलला एक प्रश्न विचारता येतो, कर्सर आत्ता कुठे आहे, आणि ते ओळ-कॉलमचं उत्तर देतं. तर माझी गाय आधी सगळ्या ओळी बोलून घेते, प्रत्येक ओळीच्या शेवटी विचारते, कुठे आलो, सगळ्यात लांब उत्तर लक्षात ठेवते आणि मग वर जाऊन एकेका ओळीला त्याच कॉलमवर भिंत मारत खाली येते, सगळ्यात शेवटी वरची आणि खालची रेघ. तिने काही मोजायचं नाही, चार की सात की तीस हा वादच संपला, टर्मिनल म्हणेल ते. हळू मशीनवर बघितलं तर मजा येते, आधी नुसतं बोलणं उमटतं आणि मग त्याच्याभोवती फुगा येतो. पोराने त्यात कन्नडही घालून बघितलं, ओत्तक्षरांसकट, म्हणजे अक्षराच्या खाली जोडलेल्या व्यंजनांसकट, त्याच्या टर्मिनलवर तरी भिंत हलली नाही, एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची गाय त्याची.

फक्त बोलणं खिडकीच्या उंचीपेक्षा लांबलं की पंचाईत होते. वरच्या ओळी तोवर स्क्रीनबाहेर सरकलेल्या असतात आणि गेलेल्या ओळीवर कर्सर परत जात नाही, त्यामुळे सुरुवातीच्या वाक्यांना भिंत नाही आणि शेवटच्यांना आहे. फार लांब बोलणाऱ्या गायीचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, सध्या वीस ओळींच्या वर गेली की तिला बोलूच देत नाही.